पिशवीत हात घालण्याआधी

हाऊजीचा डाव संपला की पुकारणारी व्यक्ती नव्वद घरांचा फळा पुढ्यात ओढते आणि चकत्या आवरायला लागते. पहिली ओळ, १ ते १०, मुठीत घेऊन पिशवीत. मग ११ ते २०. मग २१ ते ३०. नव्वदपर्यंत पोचलं की पिशवीचं तोंड आवळून दोन-तीन झटके द्यायचे आणि पुढचा डाव सुरू. हळदीकुंकवाला, गणपतीतल्या कार्यक्रमांत, कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर, परदेशातल्या मराठी मंडळांच्या संमेलनांत असंच चालतं, कारण आवरण्याची ती सर्वांत सोयीची रीत आहे. पुढच्या डावाचं नशीब मात्र तिथेच बिघडतं. चकत्या क्रमाने आत गेल्या, थराथराने बसल्या. दोन झटक्यांनी थर सरकले, मोडले नाहीत. मग ऐंशीच्या घरातले आकडे एकापाठोपाठ निघायला लागतात, विशीचा पत्ताच नसतो आणि कुणीतरी ओरडतं, ‘अहो, पिशवी हलवा जरा!’

पिशवीतून काहीतरी काढण्यावर चालणारे खेळ हाऊजीपुरते नाहीत. स्क्रॅबलमध्ये अक्षरांच्या सोंगट्या पिशवीत असतात, अझुलमध्ये रंगीत फरशा, ‘क्वॅक्स ऑफ क्वेडलिनबर्ग’मध्ये कढईत टाकायचे जिन्नस. या खेळांत सगळ्यांची नजर काढणाऱ्या हातावर असते : डोळे मिटलेत ना, आत चाचपडत नाही ना. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत असली की चिठ्ठी शाळकरी मुलांच्या हातून काढतात, तीही याच भावनेने. ती काळजी हवीच. पण प्रामाणिक हातसुद्धा बहुतेक वेळा वरचंच, बोटांना पहिलं लागलेलं टोकन उचलतो. म्हणून वर काय आहे हे कुणालाच सांगता येऊ नये, इतकी सरमिसळ हात आत जाण्याआधी झालेली असायला हवी. आणि ती बंद पिशवीला झटके देऊन होत नाही. ती पिशवीबाहेर करायची असते.

क्रमाने भरलेलं भांडं किती महागात पडू शकतं, हे अमेरिकेने १ डिसेंबर १९६९ रोजी पाहिलं. व्हिएतनाम युद्धासाठी कोणत्या तरुणांना आधी बोलवायचं, हे त्या दिवशी सोडतीने ठरणार होतं. वर्षातल्या ३६६ तारखा, प्रत्येक तारखेची चिठ्ठी निळ्या प्लास्टिकच्या एका कुपीत. पहिली कुपी १४ सप्टेंबरची निघाली. १९४४ ते १९५० या वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांचा क्रमांक पहिला लागला. पुढे १९५व्या क्रमांकापर्यंतच्या तारखांना बोलावणं आलं. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी त्यातून फक्त ५ सुटल्या. सरमिसळ नीट झाली असती, तर साधारण १४ सुटायला हव्या होत्या.

यात कुणाची लबाडी नव्हती. जानेवारीच्या कुप्या खोक्यात आधी घातल्या, मग फेब्रुवारीच्या घालून त्यांत मिसळल्या, मग मार्चच्या. असं करत गेल्यामुळे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा मिसळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या फक्त एकदा. नंतर खोकं बंद करून काही वेळा हलवलं आणि कुप्या एका खोल काचेच्या भांड्यात ओतल्या. काढणारे बहुतेक वेळा वरचीच कुपी उचलत होते. संख्याशास्त्रज्ञ स्टीफन फाइनबर्ग यांनी १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या सोडतीची चिकित्सा केली. खोकं हलवणाऱ्यांना आपण मिसळतो आहोत असंच वाटत होतं, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हाताला जाणवणारी हालचाल आणि आत प्रत्यक्ष होणारी सरमिसळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या टेबलाकडे येऊ. डाव सुरू होण्याआधी पिशवी पूर्ण रिकामी करा. टेबलावर चादर किंवा जाड कापड अंथरा, म्हणजे आवाज होत नाही आणि चकत्या घरंगळत नाहीत. सगळी टोकनं पालथी पसरा, दोन्ही तळवे त्यांवर ठेवा आणि मोठमोठी वर्तुळं काढत फिरवा. कडेची मध्ये ओढा, मधली कडेला ढकला, डावीकडची उजवीकडे न्या. डॉमिनो आणि माहजोंग खेळणारे हेच करतात आणि त्यांना त्यासाठी पिशवीची गरजच पडत नाही. पत्ते पिसण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलेले अमेरिकी गणितज्ञ पर्सी डायकोनिस यांनी डेव्ह बायर यांच्यासह १९९२ मध्ये दाखवलं, की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत सरकवत पिसायचं असेल, तर ५२ पत्त्यांना सात वेळा पिसावं लागतं. आपण तीनदा पिसून वाटायला लागतो. पत्ते टेबलावर पसरून तळव्यांनी फिरवायच्या पद्धतीला, त्यांच्या मते, साधारण मिनिटभर वेळ द्यावा. हाऊजीच्या नव्वद चकत्यांनाही तेवढाच वेळ द्या, आणि तो घड्याळ लावून द्या. अंदाजाने घेतलेलं मिनिट वीस सेकंदांत संपतं.

फिरवताना चिकटलेली टोकनं सुटी करायची. पुठ्ठ्याची टोकनं एकमेकांवर चढून जोडीने फिरतात, पिशवीत जोडीने जातात आणि जोडीनेच बाहेर येतात. पिशवीत भरतानाही ढीग एका बाजूने खरवडत आणू नका. निरनिराळ्या ठिकाणांहून लहान लहान मुठी उचला.

हाऊजीत आणखी एक सोपी सवय लावून घेता येईल. फळ्यावरून चकत्या ओळीने उचलण्याऐवजी फळाच टेबलावर पालथा करा. चकत्या खाली पडतात, क्रम तिथेच निम्मा मोडतो आणि वेळही वाचतो. फळ्याला खाचा असतील आणि चकत्या सुटत नसतील, तर निदान उभ्या-आडव्या कुठल्याही रांगेने न उचलता विखरून उचला.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. अझुलच्या फरशा भरताना एक निळी, एक लाल, एक पिवळी अशा पाळीपाळीने टाकतात, म्हणजे रंग छान विखुरतील. यानंतर टेबलावर नीट फिरवणार असाल, तर त्यात काही बिघडत नाही. पण त्यालाच सरमिसळ समजू नका. पाळीपाळीने लावलेला क्रम हाही क्रमच आहे आणि त्यातून निघणारं वाटप नको इतकं समान असतं.

पिशवी डावाच्या मध्येही हलवावी लागते. तिथे वर-खाली झटकून फारसं साधत नाही. आतला ढीग एकत्र उडतो आणि एकत्र खाली बसतो. एका हाताने तोंड घट्ट आवळा, दुसऱ्या हाताने तळ धरा आणि अख्खी पिशवी उलटी-सुलटी करा, जेणेकरून प्रत्येक वेळी सगळा ढीग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कोसळेल. दहा-बारा वेळा पुरे. मध्ये एकदा खालचे दोन्ही कोपरे बाहेरून चिमटीत धरून आतलं टोकन सुटं करा. साध्या शिवलेल्या पिशवीच्या कोपऱ्यांत दोन-तीन टोकनं जाऊन बसतात आणि अख्खा डाव तिथेच काढतात.

टोकनं निरनिराळ्या आकाराची असतील, तर हलवल्याने सरमिसळ होण्याऐवजी ती वेगळी होतात. चिवड्याचा डबा रोज हाताळला की खोबऱ्याचे काप वर दिसतात आणि मीठ-मसाल्याचा चुरा तळाला जातो, ते याच कारणाने : दाण्यांमध्ये पडणाऱ्या फटींतून बारीक ते खाली घरंगळतं आणि मोठं वर ढकललं जातं. म्हणून हरवलेल्या चकतीच्या जागी शर्टाचं बटण किंवा जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा चालवून घेऊ नका. ते केवळ बोटांना ओळखू येतं असं नाही. पिशवीतली त्याची जागाही इतरांपेक्षा वेगळी ठरत जाते. एक चकती हरवली तर सगळा संच एकसारखा नवा करणं बरं. पुठ्ठ्याची गोल टोकनं असतील, तर नाणी जमवणारे वापरतात तशा पारदर्शक प्लास्टिकच्या गोल डब्या मिळतात. मापाच्या घेऊन त्यांत ती बसवली की सगळी एकाच जाडीची, एकाच काठाची होतात आणि झिजतही नाहीत. भिशीच्या चिठ्ठ्यांनाही हाच नियम : कागद एकाच वहीचा, तुकडे एका मापाचे आणि घड्या एकाच व्यक्तीने घातलेल्या. घट्ट घडीची चिठ्ठी खाली जाते, सैल घडीची वर राहते आणि बोटांना आधी लागते.

पिशवीही नीट निवडायला हवी. खेळाबरोबर येणारी पिशवी बहुतेकदा लहान असते. सगळी टोकनं भरल्यावर ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरता कामा नये. वर मोकळी जागा नसेल तर उलटं केल्यावर कोसळायला काही उरतच नाही. शिवाय मोठ्या माणसाचा हात मनगटापर्यंत आत जाऊन बोटं फिरायला हवीत. घरी शिवणार असाल, तर तळ गोल ठेवा म्हणजे कोपरेच राहत नाहीत, आणि शिलाई बाहेरच्या बाजूला घ्या. आतून कापड गुळगुळीत असावं. मखमल दिसायला देखणी, पण तिच्या लवेत पुठ्ठ्याचे काठ अडकतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये हलकी प्लास्टिकची टोकनं कोरड्या हवेत स्थिर विजेने कापडाला चिकटतात. नागपूर-पुण्याच्या हिवाळ्यात हे सहज दिसेल. घट्ट विणीचं सुती पॉपलीन सर्वांत बरं. त्यातून टोकनांचे रंग दिसत नाहीत ना, हे दिव्यासमोर धरून पाहा.

स्क्रॅबलमध्ये सरमिसळीइतकाच बोटांचा प्रश्न आहे. इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांपैकी २ कोऱ्या असतात आणि त्या सर्वांत मोलाच्या. अक्षर लाकडात किंचित खोल उमटवलेलं असेल, तर सरावलेल्या बोटाला कोरी सोंगटी कळू शकते. म्हणून स्पर्धांमध्ये गुळगुळीत पृष्ठभागाच्या प्लास्टिकच्या सोंगट्या वापरतात, पिशवी खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर धरतात आणि काढताना नजर दुसरीकडे वळवतात. घरच्या डावात एवढं कडक राहायची गरज नसेल, पण पिशवी मांडीवर ठेवून आत डोकावत सोंगटी निवडायची मुभा कुणालाच असू नये, लहान मुलांनासुद्धा. अक्षरं बदलून घेताना आधी नवी काढायची, मग जुनी परत टाकायची आणि नंतर पिशवी उलटी-सुलटी करायची. हा क्रम चुकला तर आत्ताच टाकलेली सोंगटी वरच असते आणि तुमच्याच हाताला लागते.

अझुलमध्ये गुठळी कुठे तयार होते हे पाहण्यासारखं आहे. मिखाएल कीसलिंग यांच्या २०१७ च्या या खेळात पाच रंगांच्या प्रत्येकी २० अशा १०० फरशा असतात. ओळ पूर्ण झाली की तिच्यातली एक फरशी भिंतीवर जाते आणि उरलेल्या, सगळ्या एकाच रंगाच्या, खेळाच्या खोक्याच्या झाकणात टाकल्या जातात. पाच घरांच्या ओळीतून चार सारख्या फरशा एकदम पडतात. म्हणजे झाकणात आपोआप रंगांच्या गुठळ्या साचतात, आणि पिशवी रिकामी झाल्यावर त्याच गुठळ्या तशाच आत ओतल्या जातात. दोन मिनिटांचं काम आहे : झाकणातच फरशा हातांनी ढवळा, मग मुठीमुठीने भरा. कार्कासोन या फरशा जोडायच्या खेळाचा डाव आवरतानाही शेजारशेजारच्या फरशा एकावर एक रचून ठेवू नका. आज जोडलेलं शहर पुढच्या रविवारी तसंच्या तसं हातात येतं.

‘क्वॅक्स’मध्ये हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, कारण तिथे प्रत्येकाची आपापली पिशवी असते आणि ती हलवणारा हातही त्याचाच. वोल्फगांग वार्श यांच्या या खेळाला २०१८ मध्ये जाणकार खेळाडूंसाठीचं जर्मन पारितोषिक मिळालं. सुरुवातीला पिशवीत ९ चकत्या असतात, त्यांतल्या ७ पांढऱ्या. कढईतल्या पांढऱ्या आकड्यांची बेरीज ७ च्या वर गेली की कढई फुटते. फेरी संपली की काढलेल्या चकत्या परत पिशवीत जातात आणि न निघालेल्या तळाशी तशाच पडून असतात. म्हणजे मागच्या फेरीत निघालेल्या पुन्हा वर. इथे अर्धवट हलवणं नकोच. दर फेरीला अख्खी पिशवी तळहातावर किंवा वाडग्यात रिकामी करा, जुन्या-नव्या चकत्या एकत्र खुळखुळवा आणि परत भरा. टोकनं थोडी असली की हे काही सेकंदांत होतं.

‘अर्कम हॉरर’च्या पत्त्यांच्या खेळात तर दर वेळी एक टोकन काढून लगेच परत टाकायचं असतं. तिथे पिशवीपेक्षा झाकणाचा गोल डबा सरस : टोकन टाका, झाकण लावा, डबा चार-पाचदा उलटा करा.

नव्वद चकत्या नीट मिसळल्या नाहीत म्हणून हाऊजीत नेमकं काय बिघडतं, हा रास्त प्रश्न आहे. तिकिटाच्या एका आडव्या ओळीत पाच आकडे असतात आणि ते पाच वेगवेगळ्या उभ्या रकान्यांतले. पिशवीतून एकाच दशकाचा झुबका निघाला, तर ओळीला त्यातला फार तर एक आकडा लागतो आणि ओळी रखडतात. उलट त्या रकान्यात तीन आकडे असलेलं तिकीट ‘जल्दी पाच’साठी, म्हणजे कुठलेही पाच आकडे सर्वांत आधी लागण्याच्या बक्षिसासाठी, पुढे सरकतं. तिकिटं न पाहता वाटली असतील, तर तरीही कुणावर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही, कारण झुबका कुठला येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पुठ्ठ्याची कायमची तिकिटं असतील आणि लोक आपलं ठरलेलं तिकीटच मागून घेत असतील, तर मामला बदलतो. मागच्या डावात चकत्या कशा भरल्या हे जो पाहत बसला, त्याला थोडा का होईना, अंदाज असतो.

यावर उपाय अमेरिकेच्याच पुढच्या सोडतीत सापडतो. १९७० मध्ये त्यांनी दोन पिंपं वापरली : एकातून तारीख काढायची, दुसऱ्यातून तिचा क्रमांक. एका पिंपात सरमिसळ कमी पडली, तरी दुसरं ते सावरून घेतं. आपल्याकडे ही गोष्ट फुकटात करता येते. आकड्यांच्या चकत्या मिसळता तशीच तिकिटंही पालथी पसरून मिसळा आणि प्रत्येकाला न पाहता एक उचलू द्या. ‘माझं नेहमीचं तिकीट’ हा हट्ट तेवढा प्रेमाने मोडून काढा.

सरमिसळ नीट झाल्यावरही तक्रारी येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या असतात. नीट मिसळलेल्या पिशवीतून निघणारे आकडे माणसाला वाटतं तितके विखुरलेले नसतात. नव्वदांतून पहिले दहा आकडे काढले, तर त्यांत कुठेतरी लगतची जोडी, म्हणजे ३४ आणि ३५ सारखे दोन आकडे, असण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के आहे. पहिल्या पाचांतच अशी जोडी असण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या आसपास. चार जणांच्या अझुलमध्ये सुरुवातीला नऊ थाळ्यांवर चार-चार फरशा मांडतात. त्यांतल्या एखाद्या तरी थाळीवर चारही फरशा एकाच रंगाच्या येणं हे साधारण अठरा डावांत एकदा घडायचंच. तेव्हा काही विचित्र निघालं म्हणून टोकन परत टाकून पुन्हा काढायला लावू नका. नको तो निकाल आला की पुन्हा मिसळायचं, अशी सवय लागली की खेळाचा निकाल मनासारखा वाकवला जातो. किती मिसळायचं हे डावाआधी ठरवा आणि मग जे येईल ते मान्य करा.

आपली पद्धत पुरेशी आहे का, हे घरी तपासता येतं. एकाच मापाची ५० टोकनं घ्या, त्यांतल्या १० वर खालच्या बाजूने पेनने खूण करा. चाळीस साधी टोकनं पिशवीत घाला, वर खुणेची दहा टाका. आता तुम्ही नेहमी हलवता तसं हलवा, न पाहता दहा टोकनं काढा आणि त्यांत खुणेची किती आली ते लिहून ठेवा. सरासरीने दोन यायला हवीत. एका वेळेच्या निकालावरून काही ठरवू नका; चार आली तरी तो योगायोग असू शकतो. हाच प्रयोग वीस वेळा करा, प्रत्येक वेळी खुणेची वरच टाकून. वीस वेळांची बेरीज ४० च्या आसपास हवी. ३० ते ५० च्या दरम्यान आली तर निश्चिंत राहा. ६० च्या पुढे गेली तर वरचं वरच राहतंय. २० च्या खाली आली तर तुमचा हात सवयीने तळाशी जातोय. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, आणि शाळेतली संभाव्यता हातात घेऊन पाहायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

तपासणीत पिशवी नापास झाली, तर सगळं एकदम बदलू नका. आधी फक्त उलटं करण्याची संख्या दुप्पट करा आणि पुन्हा मोजा. तरी आकडा उतरला नाही, तर मोठी पिशवी घ्या. तीही पुरली नाही, तर टोकनांतच काही जड, जाड किंवा चिकट झालेली आहेत का, हे एकेक हातात घेऊन पाहा. लाकडी चकत्यांना तेलकट हातांचा थर बसतो, तो ओल्या फडक्याने पुसून चकत्या सावलीत पूर्ण वाळवल्या की त्या पुन्हा सुट्या फिरायला लागतात.